छतातून सीट उतरवणारी पाच दारांची गाडी: केइहान ५००० का आली आणि का गेली

प्रश्न असा आहे की जपानात एका प्रायव्हेट रेल्वेवर एका बाजूला पाच दारं असलेली लोकल होती आणि गर्दी संपली की छतातून सीट खाली यायची, असं व्हिडिओत बघितलं, तर हे खरं का, खरं असेल तर एवढी भारी आयडिया बंद का केली, आणि मुंबईच्या लोकलला असं काही का करत नाहीत. मी बरीच वर्षं ईएमयूच्या (म्हणजे लोकल गाड्यांच्या) दारांच्या कामात आहे, आधी मुंबईत कारशेडला आणि नंतर ओसाकाजवळ दारांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, आणि ही गाडी मी रोजच्या जाण्यायेण्यात वापरलीये, म्हणून जरा पसरट उत्तर देतो. घाई असेल त्यांच्यासाठी दोन ओळीत: हो, खरं आहे, गाडीचं नाव केइहान ५०००, आणि ती जन्माला आली ती दारांमुळे नाही, विजेमुळे. वायरमधला करंट पुरत नव्हता म्हणून भिंतीत दारं पाडावी लागली.

केइहान म्हणजे ओसाका ते कियोतो जाणारी खाजगी रेल्वे. ओसाकात योदोयाबाशीपासून निघते, कियोतोत सान्जोपर्यंत साधारण पन्नास किलोमीटर, पुढे १९८९ पासून देमाचियानागीपर्यंत. योदोयाबाशीपर्यंतचा भुयारी तुकडा १९६३ ला सुरू झाला आणि तिथून खरी मारामारी चालू झाली. कारण त्याआधी गाडी तेम्माबाशीला संपायची, लोक तिथे उतरून ट्राम-बिम पकडून ऑफिसला जायचे, आता थेट ऑफिसांच्या मध्यात नेऊन सोडणारी गाडी मिळाल्यावर कोण सोडतंय. त्यात हिराकाता, नेयागावा हा सगळा पट्टा, जिथे आधी भातशेती होती, तिथे वसाहतींवर वसाहती उठल्या, हिराकाताची कोरी नावाची मोठी सरकारी वसाहत तर १९५८ पासूनच भरायला लागली होती. कादोमाला मात्सुशिता, मोरिगुचीला सान्यो, म्हणजे कारखान्याकडे जाणारे वेगळे आणि शहराकडे जाणारे वेगळे. एकूण काय तर सकाळी गाडीत पाय ठेवायला जागा नाही.

आता असं झालं की आपण काय करतो, डबे वाढवतो. नऊचे बारा, बाराचे पंधरा. केइहानला ते जमत नव्हतं. त्यांची गाडी सात डब्यांची आणि आठवा डबा लावायची सोय नाही, कारण ओव्हरहेड वायरमध्ये होते ६०० व्होल्ट डीसी. हा मुद्दा व्हिडिओत कुणी सांगत नाही पण सगळी गोम इथेच आहे. तेवढीच पॉवर ६०० व्होल्टवर ओढायची तर १५०० व्होल्टच्या मानाने अडीचपट करंट लागतो. करंट अडीचपट म्हणजे वायरमधला व्होल्टेज ड्रॉपही अडीचपट, आणि वायर गरम होण्याचं गणित तर वर्गाने वाढतं. सबस्टेशनपासून जरा लांब दोन-तीन गाड्या एकदम सुटल्या की लाईनचा व्होल्टेज बसतो, मोटरमनने हँडल पूर्ण टाकलं तरी गाडी ओढत नाही, आणि उशीर झाला की मागच्या गाड्या तुंबतात, तुंबल्या की परत एकदम सुटतात, परत व्होल्टेज बसतो. सातवर आठवा डबा म्हणजे सरळ चौदा टक्के लोड जास्त, आणि तो प्रत्येक गाडीला.

गंमत बघा, आपल्याकडे व्हीटी ते कुर्ला पहिली इलेक्ट्रिक गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला धावली ती १५०० व्होल्टवर. केइहान मेन लाईन १५०० वर आली ४ डिसेंबर १९८३ ला. जपान म्हटलं की सगळं आपल्यापुढे पन्नास वर्षं असं समजणाऱ्यांनी ह्या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात.

मग त्यांनी आधीच व्होल्टेज का नाही वाढवलं? एक तर ते काम असं हळूहळू करता येत नाही, अमुक रात्री शेवटची गाडी गेली की सबस्टेशन, वायर, इन्सुलेटर आणि लाईनवरची झाडून सगळी गाडी दुसऱ्या व्होल्टेजला तयार पाहिजे, आणि मेन लाईनसोबत कातानो आणि उजी ह्या फाट्यांवरच्या गाड्यासुद्धा. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. कियोतोत केइहानचे रूळ तेव्हा जमिनीवर होते, आजच्यासारखे भुयारात नव्हते, भुयार झालं ते १९८७ ला. आणि ह्या रुळांना कियोतो शहराची ट्राम आडवी जायची. रस्त्यावरचं फाटक असतं तसं, पण गाडीला ट्राम आडवी. रुळांना रूळ छेदतात तशी वर वायरला वायर छेदते, ट्राम ६०० वर, म्हणजे तुम्ही १५०० करायचं म्हटलं तर त्या चौकात वर काय करणार? करता येतं, पण किचकट आणि धोक्याचं. ती ट्राम १९७८ ला पूर्ण बंद झाली, त्यानंतर पाच वर्षांत व्होल्टेज बदललं. आधीच्या सगळ्या वर्षांत केइहानला सात डब्यांतच संसार करायचा होता.

रूळ वाढवायचं काम ते करत होतेच, ह्या बाबतीत केइहान आधीपासून पुढे, १९३३ मध्येच त्यांनी ओसाकाच्या बाजूला चार ट्रॅकचा तुकडा टाकला होता, खाजगी रेल्वेत जपानमधला पहिला. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये तेम्माबाशी ते नोए हा भाग उंचावर नेऊन चार ट्रॅकचा केला. पण गाड्या जास्त सोडायच्या तर स्टेशनवर गाडी किती सेकंद उभी राहते तिथे गाडं अडतं, विशेषतः क्योबाशीला. क्योबाशी म्हणजे ओसाकाच्या लूप लाईनला जोडणारं स्टेशन, सगळ्या गाड्या थांबतात, अर्धी गाडी उतरते आणि तेवढ्यात दुसरे चढतात. आपल्या दादरची आठवण यावी असंच.

इथे थोडं गणित करू, आकडे उदाहरणासाठी घेतलेत, केइहानचे नाहीत. समजा एका डब्यातून साठ माणसं उतरतात आणि तीस चढतात, म्हणजे नव्वद जणांची ये-जा. दार सव्वा मीटरच्या आसपास रुंद असेल तर दोन रांगा बाजूबाजूने जातात, एका रांगेतून सेकंदाला साधारण एक माणूस. तीन दारं असतील तर दाराला तीस जण, पंधरा सेकंद. पाच असतील तर दाराला अठरा, नऊ सेकंद. सहा सेकंदांचाच तर फरक, असं वाटेल. पण हे झालं मोकळ्या गाडीचं. ठासून भरलेल्या गाडीत मधोमध अडकलेला माणूस दारापर्यंत यायलाच वेळ लागतो, आणि केइहानचा डबा पावणेएकोणीस मीटरच्या आत, तीन दारांत सगळ्यात लांबचा माणूस दारापासून तीन मीटरवर, पाच दारांत दोन मीटरच्या आत. तीन मीटर म्हणजे गर्दीत आठ-दहा जणांना ढकलत जायचं, त्यातले दोघे कानात इअरफोन घातलेले, तेव्हाच्या काळात पेपर वाचणारे, म्हणजे फरक सहा सेकंदांचा राहत नाही. समजा थांब्यामागे दहा सेकंद वाचले आणि गाड्या दोन मिनिटांच्या अंतराने आहेत, तर १२० चे ११० सेकंद होतात, तासाला तीस गाड्यांच्या जागी कागदावर बत्तीस बसतात. दोन गाड्या फुकटात, ना नवीन ट्रॅक ना नवीन सबस्टेशन. अर्थात दोन गाड्या वाढल्या की वीज लागतेच, पण आहेत त्या गाड्या वेळेवर धावल्या तरी तुंबून परत एकदम सुटण्याचा तो प्रकार कमी होतो, आणि माझ्या मते केइहानला खरा फायदा ह्यातच जास्त झाला असणार.

अजून एक, दारांचं काम करणाऱ्यांना हे पाठ असतं: गाडी किती वेळ थांबणार हे सरासरी ठरवत नाही, सगळ्यात वाईट दार ठरवतं. जिन्यासमोरच्या डब्याचं मधलं दार. बाकीची सगळी दारं रिकामी झाली असतात आणि एका दारात अजून धक्काबुक्की चालू असते, गार्ड बघत बसतो. म्हणून एकाच डब्याला जास्त दारं देऊन भागत नाही असं केइहानने ठरवलं आणि सातच्या सात डब्यांना पाच-पाच दारं दिली. टोकियोवाल्यांनी पुढे वेगळं केलं, ते खाली सांगतो.

२६ डिसेंबर १९७० ला ही गाडी धावायला लागली. जपानमधली पहिली पाच दारांची लोकल. १९७० ते १९८० मध्ये कावासाकीने सात डब्यांचे सात रेक (म्हणजे अख्ख्या गाड्या) बांधले, सात सत्ते एकोणपन्नास डबे, आणि वर एक, त्या जास्तीच्या डब्याची गोष्ट पुढे येईल. आणि हो, पहिल्या दिवसापासून एसी. त्याआधी एकच वर्ष, १९६९ ला, केइहाननेच कानसाई भागातली पहिली एसी लोकल काढली होती, २४०० नावाची. आपल्याकडची पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ची, इथे मात्र मी तारखा शेजारी लिहायला सांगत नाही.

आता बॉडीचं बघू, माझा आवडता भाग. पाच दारं पाडायची म्हणजे नुसती पाच भोकं नाहीत. दाराला दोन पाती असतात, दार उघडलं की ती भिंतीच्या आत पोकळीत सरकतात. दार १.२ मीटरचं तर प्रत्येक पातं साठ सेंटिमीटर, म्हणजे दोन दारांच्या मध्ये कमीत कमी दोन पाती मावतील एवढी भिंत पाहिजेच, वर खिडकीची चौकट, हात धरायचा दांडा. पाच दारांचे मिळून सहा मीटर म्हणजे डब्याच्या बाजूची जवळजवळ एक तृतीयांश भिंत उघडी, आणि उरलेल्या भिंतीचा बराच भाग आतून पोकळ. रेल्वेचा डबा हा दोन्ही टोकांना बोगीवर, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यावर, टेकवलेला पूल असतो, मध्ये माणसांचं वजन, आणि ते वजन पेलण्यात बाजूच्या भिंतींचा मोठा वाटा असतो, नुसत्या फरशीने ते होत नाही. भिंतच कापून टाकली तर पूल मध्ये वाकायला बघतो आणि वाकला की पहिल्यांदा दारं अडकायला लागतात. दोन-तीन मिलिमीटर चौकट तिरकी झाली तरी पातं घासतं, गर्दी भरल्यावर घासतं आणि शेडमध्ये रिकाम्या गाडीत चेक करताना मक्खन चालतं, म्हणजे मेंटेनन्सवाल्याने डोकं आपटून घ्यायचं.

तर भिंत कमी केली की खालचा सांगाडा आणि वरचा कडेचा बीम जाड करावा लागतो, स्टीलमध्ये केलं तर वजन वाढणार, दारं पाच म्हणजे दार चालवायची इंजिनं पाच, दोन बाजूंची दहा, वर सीट उचलायची यंत्रणा, एसी, आणि वीज तर आधीच कमी. म्हणून केइहानने पहिल्यांदाच अॅल्युमिनियमची बॉडी घेतली. अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा एक तृतीयांश वजनाचं पण ताठपणाही एक तृतीयांशच, त्यामुळे जाडी वाढवावी लागते, तरी शेवटी डबा हलका पडतो. बाहेरून हिरवा रंग मारलेला असल्यामुळे बघणाऱ्याला कळायचं नाही, लोकांना वाटायचं नेहमीची स्टीलची गाडी.

आणि आता ती सीट, जिच्यासाठी सगळे व्हिडिओ बघतात.

पाच दारांमुळे झालं काय की बसायची जागा गेली. सकाळी ठीक आहे, सकाळी कुणी बसायची अपेक्षा करतच नाही. पण हीच गाडी दुपारी कियोतोला देवळं बघायला जाणाऱ्या आजीआजोबांना घेऊन जाणार, शेजारच्या हानक्यू ह्या दुसऱ्या खाजगी रेल्वेच्या आणि सरकारी रेल्वेच्या गाड्या मस्त सीटवाल्या, स्पर्धा जोरात, तिथे उभं राहून कोण जाईल. म्हणून दुसरं आणि चौथं दार फक्त गर्दीच्या वेळचं, त्यावर 'गर्दीच्या वेळचं दार' अशा अर्थाचं लिहिलेलं असायचं. गर्दी ओसरली की ही दोन दारं बंद, आणि छतातून त्या दारांच्या समोर बाक खाली येऊन बसायचा. वरून खाली, मोटरने, उभ्या रेषेत. खाली आला की दोन्ही बाजूच्या नेहमीच्या बाकांना चिकटून एक लांब सलग बाक तयार, गाडी दिसायला तीन दारांची. सकाळी परत वर, दाराच्या वर छताला चिकटून.

सकाळच्या गाडीत दुसऱ्या दाराशी उभं राहून मान वर केली तर डोक्यावर बाकाची खालची बाजू दिसायची. नवीन माणूस दचकायचा, रोजचे लोक बघायचे पण नाहीत. दुपारी त्याच बाकावर बसलं की पाठीमागे भिंत नसून दार आहे हे कळायचं, खिडकीची काच दाराची, मधोमध दोन पात्यांची रबरी फट बरोबर दोन प्रवाशांच्या मध्ये, हिवाळ्यात तिथून गार वारा लागतो की काय असं मला वाटायचं.

यंत्रणा म्हणून ह्यात भीती वाटण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, बाक खाली असताना दार उघडलं तर बसलेला माणूस पाठमोरा प्लॅटफॉर्मवर. म्हणजे ते दार तेव्हा उघडताच कामा नये, गार्डने सगळ्या दारांचं बटण दाबलं तरी दुसरं-चौथं हलता कामा नये, ह्यासाठी सर्किटमध्येच अडवणूक पाहिजे, माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडून चालत नाही. दोन, बाक खाली येताना कुणी मध्ये असलं तर. ह्याचं उत्तर त्यांनी सगळ्यात साधं काढलं: प्रवासी गाडीत असताना बाक हलवायचाच नाही. गाडी रिकामी असतानाच वर-खाली. त्यामुळे व्हिडिओत जे प्रवाशांसमोर बाक उतरताना दिसतंय ते मुद्दाम ठेवलेल्या कार्यक्रमातलं असणार, रोजच्या ड्युटीतलं नाही. चालू गाडीत दहा वाजले आणि धडाधड बाक उतरले असं कधी होत नव्हतं.

पण ह्याचा तोटा कळतोय का? रेक सकाळी एका अवताराचा आणि दुपारी दुसऱ्या, मध्ये रिकामा होऊन बदल करायला वेळ पाहिजे. टाइमटेबल बनवणाऱ्याला हा रेक कुठेही टाकता येत नाही, अमुक गाडी पाच दारांचीच, तमुक तीनचीच, एखाद्या दिवशी गाड्या उशिरा झाल्या आणि अदलाबदल करावी लागली की डोक्याला ताप. शिवाय बिघडणाऱ्या गोष्टी वाढल्या. दार हा लोकलचा सगळ्यात जास्त बिघडणारा भाग, कुठल्याही देशात जा, आणि तुम्ही तो तीनाचा पाच केलात, वर बाकाची यंत्रणा दिलीत जी आठवड्यातले पाच दिवस रोज दोनदा हलणार. माझा तर नेहमी सलाम त्यांच्या शेडवाल्यांना, डिझाइन करणाऱ्याला बक्षीस मिळतं आणि पन्नास वर्षं ग्रीस लावणाऱ्याला कोणी विचारत नाही.

तो जास्तीचा डबा राहिला. २० फेब्रुवारी १९८० च्या रात्री हिराकाता-शि आणि गोतेनयामा स्टेशनांच्या मध्ये काही शाळकरी मुलांनी रुळावर दगड ठेवला आणि ह्याच प्रकारची गाडी घसरली, पुढचा डबा थेट एका घरात घुसला, शंभरावर माणसं जखमी झाली. ५५५४ नंबरचा पुढचा डबा दुरुस्तीच्या पलीकडे गेला म्हणून त्याच नंबरचा नवा बांधून रेकला जोडला, म्हणून एकूण बांधलेले डबे पन्नास. दगड ठेवणाऱ्यांसोबत असलेल्या पण स्वतः न ठेवणाऱ्या मुलाची जबाबदारी किती, ह्यावर खटला जपानच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९८७ ला निकाल लागला, आजही तिकडे वकिलीच्या पोरांना तो शिकवतात.

आता बंद का केली. खरं सांगायचं तर १९८३ ला १५०० व्होल्ट आले तेव्हाच तिचं मूळ कारण संपलं. त्यानंतर आठ डब्यांच्या गाड्या धावायला लागल्या, आणि चार ट्रॅकचा भाग तर त्याआधीच नेयागावाच्या जरा अलीकडेपर्यंत पोचला होता. त्यानंतर केइहानने पाच दारांचा एकही नवीन प्रकार काढला नाही, ह्यातच काय ते आलं. चांगली बॉडी, चालणारी गाडी, म्हणून वापरत राहिले, मधल्या काळात आतून नवी केली आणि सकाळच्या ठराविक फेऱ्यांना लावत राहिले. पुढे नव्वदनंतर ओसाकाच्या सगळ्याच खाजगी रेल्वेंचे प्रवासी कमी होत गेले, तेव्हा तर पाच दारांची तेवढी निकडही राहिली नाही.

शेवटचा घाव घातला प्लॅटफॉर्म डोअरने. क्योबाशीच्या प्लॅटफॉर्मवर सुरक्षेसाठी सरकती दारं बसवायचं ठरलं, म्हणजे आपल्या मेट्रोला असतात तशी. ही दारं गाडीच्या दारांसमोरच पाहिजेत. बहुतेक गाड्या तीन दारांच्या आणि एक जात पाच दारांची, तर प्लॅटफॉर्मवरचं दार कुठे लावणार? ज्या स्टेशनच्या गर्दीसाठी पाच दारं केली त्याच स्टेशनने पाच दारं घालवली. २९ जानेवारी २०२१ ला पाच दारं उघडून शेवटची फेरी झाली, त्यानंतर काही महिने बाक कायमचे खाली ठेवून तीन दारांची गाडी म्हणून चालवली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सेवेतून काढली. तिच्या जागी १३००० प्रकारच्या गाड्या आल्या, २०१२ पासून येतायत, साध्या तीन दारांच्या, दिसायला देखण्या पण त्यांच्यावर कुणी व्हिडिओ काढणार नाही.

टोकियोतही हेच घडलं, वेगळ्या वाटेने. तिथे यामानोते लाईनवर १९९० च्या सुमाराला सहा दारांचे डबे आले, पण रेकमध्ये एक-दोनच, जिथे गर्दी सर्वात जास्त तिथे, आणि बाक छतात न नेता भिंतीला दुमडून ठेवायचे, सकाळी दुमडलेले आणि दहाच्या सुमाराला उघडायचे. तोक्यू नावाच्या प्रायव्हेट रेल्वेने देन-एन-तोशी लाईनवर २००५ पासून असेच डबे लावले. यामानोतेवरचे २०११ पर्यंत गेले, तोक्यूचे २०१७ पर्यंत, दोन्हीकडे कारण तेच, प्लॅटफॉर्म डोअर. ओदाक्यू ह्या तिथल्या आणखी एका खाजगी रेल्वेने १९९१ ला दारांची संख्या तीच ठेवून दारच दोन मीटर रुंद करून बघितलं, आणि मग पुढच्या गाड्यांना १.६ मीटरवर आणलं, कारण दार जास्त रुंद केलं की लोक दारातच उभे राहतात, आत सरकत नाहीत, हा अनुभव मुंबईकराला वेगळा सांगायला नको. माझं मत विचाराल तर रुंद दारवाली वाट जास्त शहाणी, दारांच्या जागा तशाच राहतात त्यामुळे प्लॅटफॉर्म डोअरशी भांडण कमी होतं. पण बुद्धीची कमाल म्हणून मी ओदाक्यूचं नाही, केइहानचंच नाव घेईन.

आता मुंबई. आपल्या लोकलच्या डब्याला एका बाजूला चार दारं आहेत आणि ती उघडीच असतात, गाडी थांबायच्या आत निम्मे उतरलेले असतात. दार उघडायचा आणि बंद व्हायचा वेळ आपण हिशोबातच धरत नाही, ह्याच्याच जोरावर आपला थांबा एवढ्या गर्दीत पण छोटा राहतो, आणि त्याची किंमत लोक जिवाने मोजतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ चालत्या लोकलच्या दारातून माणसं पडून जे झालं, त्यानंतर साध्या लोकललाही बंद होणारी दारं द्यायचं चाललंय, आणि ते व्हायलाच पाहिजे, पण दारं बंद व्हायला लागली की प्रत्येक थांब्याला काही सेकंद वाढणार, आणि पीक अवरला सगळ्यात वाईट दार पूर्ण गाडी अडवून ठेवणार. एसी लोकलमध्ये कुणाची बॅग दारात अडकली की काय होतं ते रोजचे लोक सांगतील. तिथे पाचवं दार कामाचं आहे का? माझ्या मते चाराचे पाच करून जे मिळेल त्यापेक्षा चार दारांच्या आतली जागा नीट केली, दाराजवळचे खांब आणि पार्टिशन हलवून दार ते पॅसेज मोकळं केलं, तर जास्त मिळेल. आपला डबा केइहानपेक्षा जवळजवळ मीटरभर रुंद आहे, त्यामुळे आपली अडचण आत सरकण्याची आहे, दारांच्या संख्येची तेवढी नाही. विजेची अडचण तर आपण सोडवलीये, २५ हजार व्होल्ट एसीवर पश्चिम, मध्य, हार्बर तिन्ही गेल्यात २०१६ पर्यंत, त्यामुळे डबे वाढवायला वायर आडवी येत नाही. आडवी येते ती प्लॅटफॉर्मची लांबी, यार्डातली जागा आणि सिग्नल.

छतातले बाक वगैरे मुंबईत नको. दिवसभर गर्दी असते, बाक खाली आणायला रिकामी गाडी मिळणार कधी, आणि रात्री कारशेडला गाडी किती तास मिळते हे तिथे काम केलेल्याला विचारा.

प्रत्यक्ष बघायची हौस असेल तर ओसाका आणि कियोतोच्या मधल्या कुझुहा स्टेशनला लागून मॉल आहे, त्यात केइहानचं छोटं प्रदर्शन आहे, तिथे ५५५१ नंबरच्या डब्याचा पुढचा भाग ठेवलाय. फोटो काढताना ड्रायव्हरची केबिन सगळेच काढतात, तुम्ही आत जाऊन बाजूच्या भिंतीकडे बघा, दोन दारांच्या मध्ये उरलेली भिंत किती अरुंद आहे ते, आणि मग वर मान करून बाक बसायची जागा शोधा.